वसईचा फद्या आणि मुंबईचा रुपया

जुन्या कागदांतील एखादी रक्कम वाचली कीं वाचकाच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हा: आतांचे हे किती रुपये? राजाचें नांव, तहाची तारीख, लढाईंत पडलेल्यांची संख्या हें सर्व तो निमूटपणें मान्य करतो; परंतु पैशाचा आंकडा दिसला म्हणजे त्याच्यांतील प्रपंची गृहस्थ जागा होतो व हिशेब मागूं लागतो. मागें एकदां घरच्या मंडळींसह आम्ही वसईचा किल्ला पाहावयास गेलों होतों. पडक्या देवळांच्या कमानी, चिमाजीअप्पांचें स्मारक, दर्यादरवाजा असें सर्व पाहून एका चिंचेखालीं बसलों असतां आम्हीं सहज सांगितलें कीं, एके काळीं अख्खें मुंबई बेट सालीना १,४३२ पर्दाव आणि वर अर्धा इतक्या खंडानें दिलें होतें व तो खंड याच वसईच्या खजिन्यांत भरावा लागे. लागलीच आमचा भाचा म्हणाला, "मामा, पर्दाव म्हणजे किती रुपये?"

उत्तर देण्यास आम्हीं तोंड उघडलें आणि मिटलें. उत्तर ठाऊक नव्हतें असें नाहीं. तीन चार उत्तरें ठाऊक होतीं, आणि तीं एकमेकांशीं जुळत नव्हतीं. वसई, साष्टी व मुंबई यांच्याविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, त्यांत पर्दावापुढें कंस करून रुपयांचा आंकडा घालण्याची चाल आहे. कंस घालणारा सुटतो आणि वाचक फसतो. ज्या दोन चलनांच्या सीमेवर वसई दोन शतकें उभी होती, त्यांच्यामधील भाव कोणी ठरविला, तो कसकसा ढळला, आणि त्या ढळण्याचा भार कोणाच्या डोक्यावर पडला, हें थोडें सावकाशीनें पाहिल्यावांचून त्या पोराच्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं.

इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्याखालील बेटें आणि मुलूख पोर्तुगिजांस तोडून दिला. त्यानंतर वीस वर्षांनीं, म्हणजे १५५४ च्या सुमारास, फिरंग्यांच्या दोन अधिकाऱ्यांनीं लिहून ठेवलेले कागद आपल्या कामाचे आहेत. एक आंतोनियु नूनिश. यानें पूर्वेकडील बंदरांतील वजनें, मापें व नाणीं यांची यादी केली. दुसरा सिमांव बोटेल्यु; यानें महसुलाची वही, जिला ते तोंबो म्हणत, ती तयार केली. हे दोघेही राजाचे कारकून. वर्णनाची हौस दोघांसही नाहीं, आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास टाकावासा वाटतो.

नूनिशच्या यादीप्रमाणें वसईकडे हिशेबाचें नाणें 'फद्या' हें होतें. पोर्तुगीज त्यास 'फेदेआ' म्हणत. चार फद्यांचा एक टंका आणि पांच टंक्यांचा एक पर्दाव. म्हणजे वीस फद्यांचा पर्दाव. टंक्यास पोर्तुगीज लोक 'तांगा' म्हणत. गोव्यांत हें नांव अगदीं परवांपरवांपर्यंत चालू होतें. (घोड्याच्या टांग्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, मूळ शब्द आपला 'टंक'च.) राजाच्या हिशेबांत सर्वांत लहान माप म्हणजे 'रेस'. साठ रेसांचा टंका, म्हणून तीनशें रेसांचा पर्दाव आणि पंधरा रेसांचा फद्या. इतका सरळ हिशेब पाहून वाचकास वाटेल कीं अडचण ती काय?

अडचण दोन ओळींपलीकडेच उभी आहे. तोच नूनिश सांगतो कीं टंक्यांचा पर्दाव ३०० रेसांचा, पण सोन्याचा पर्दाव ३६० रेसांचा. नांव एक, किंमती दोन. आतां मुंबईचा तो खंड घ्या. १,४३२ आणि अर्धा पर्दाव हे टंक्यांचे असले तर त्यांचे ४,२९,७५० रेस, म्हणजे २८,६५० फद्ये होतात. सोन्याचे असले तर ५,१५,७०० रेस, म्हणजे ३४,३८० फद्ये. फरक ५,७३० फद्यांचा. बोटेल्युच्या वहींत माजगांवापुढें ८,५०० फद्ये हा आंकडा आहे. म्हणजे 'पर्दाव' या एका शब्दाच्या दुटप्पीपणांत माजगांवच्या उत्पन्नाचा दोनतृतीयांश भाग बुडून जातो! आणि त्याच वहींत मुंबईपुढें १७,००० फद्ये आहेत. ते मात्र फद्येच असल्यामुळें शंकेस जागा नाहीं, टंक्यांच्या पर्दावाप्रमाणें ते बरोबर ८५० पर्दाव होतात. आम्हांस या वहींतील फद्यांविषयीं जी आपुलकी वाटते ती यामुळें. पर्दाव, शेराफी हीं दरबारचीं नांवें. फद्या हें बाजाराचें नांव. दरबारी नांवाचे दोन अर्थ होतात, बाजारी नांवास तें परवडत नाहीं.

या नांवांचा उगमही पाहण्यासारखा आहे. पर्दाव हा आपल्या 'प्रताप' शब्दाचा फिरंगी अपभ्रंश; विजयनगरच्या अर्ध्या होनास प्रताप म्हणत. शेराफी म्हणजे अरबी 'अशरफी'. दोन्ही मूळचीं सोन्याचीं नाणीं. गोव्याच्या कारभारांत हीं नांवें प्रथम हिशेबाचीं झालीं, मग त्याच नांवांनीं चांदी पाडली गेली, आणि पुढें पर्दाव व शेराफी हीं एकमेकांच्या जागीं वापरलीं जाऊं लागलीं. घराणें बुडालें तरी आडनांव राहतें, तसा हा प्रकार.

परंतु वसईच्या कुणब्यास सोनें तर नाहींच, चांदीही क्वचित् दिसत असेल. त्याचें नाणें म्हणजे भात. आणि येथें नूनिशनें वसईच्या नांवानें एक बहुमोल ओळ लिहून ठेविली आहे: वसईस भाताचा मुडा तीन खंडींचा असतो, आणि तें भात सडलें म्हणजे तांदूळ दीड खंडी व वर थोडा, असा निघतो. मुडा, खंडी, सडणें, कोंडा या सर्व गोष्टी त्या हिशेबनिसास समजावून देणारा कोणी तरी इथलाच मनुष्य असला पाहिजे. महसुलाचा कांहीं भाग भाताच्या मुड्यांत व कांहीं फद्यांत लागे. अशा पद्धतींत एक गोष्ट उघड आहे. भात पिकविणारा मनुष्य मुड्यांत विचार करतो. खजिना पर्दावांत लिहितो. आणि या दोहोंमध्यें मुड्याचे फद्ये व फद्यांचे पर्दाव करणारा जो बसलेला असतो, त्याच्या हातीं भाव असतो. पर्दाव कोणता, हा प्रश्न आपल्यास विद्वत्तेचा वाटतो. देणाऱ्यास तो पांचवा हिस्सा अधिक देण्याचा होता.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या चलनाची व्यवस्था कशी होती हें पाहावयाचें तर गोव्यास गेलें पाहिजे, कारण वसईचें सर्व चलन अखेर गोव्याच्या तंत्रानें चाले. यान् हुइखेन् व्हान् लिन्स्खोतेन नांवाचा डच तरुण १५८३ पासून पांच वर्षे गोव्यांत आर्चबिशपच्या पदरीं होता. त्याचा ग्रंथ १५९६ सालीं प्रसिद्ध झाला. तो म्हणतो, गोव्यांत नाणें 'चांगलें' आणि 'वाईट' अशा दोन जातींचें आहे. चार चांगले टंके म्हणजे पांच वाईट टंके. पंधरा चांगले बझारूक म्हणजे अठरा वाईट. बझारूक हें कथलाचें हलकें नाणें. कोणतीही वस्तु घेतांना, चांगल्या नाण्यानें कीं वाईट नाण्यानें, हें आधीं ठरवावें लागे. आजच्या वाचकास हा घोटाळा वाटेल. पण त्या काळच्या बाजारकरणीस तो घोटाळा वाटत नव्हता. तिला दोन भाव पाठ असत, आणि चूक झालीच तर रस्त्याच्या कोपऱ्यावर सराफ बसलेला असे.

या सराफांविषयीं लिन्स्खोतेननें जें लिहिलें आहे तें आम्हांस त्याच्या सर्व ग्रंथांत अधिक शिकविणारें वाटतें. सप्टेंबरांत पोर्तुगालहून गलबतें आलीं म्हणजे त्यांतून स्पॅनिश रियाल येत. सराफ ते शेंकडा बारा नफा देऊन विकत घेत आणि पेटींत ठेवीत. एप्रिलांत चीनकडे गलबतें निघावयाचीं झालीं म्हणजे तिकडे रियालांवांचून चालत नसे. मग तेच रियाल शेंकडा पंचवीस ते तीस नफ्यानें बाहेर पडत. उलट, एप्रिलांत होर्मुझकडून लाऱ्या येत. त्या शेंकडा आठदहा वर देऊन घेतल्या जात, आणि सप्टेंबरांत मिऱ्यांच्या खरेदीसाठीं कोचीनकडे जाणाऱ्यांस शेंकडा वीसपंचविसांनीं दिल्या जात. म्हणजे भाव हा वाऱ्याच्या हातीं होता. नैऋत्येचा वारा पडला कीं रियाल स्वस्त, लारी महाग. गलबतें पूर्वेस वळलीं कीं रियाल महाग, लारी स्वस्त. सरकारी कागदांत बाराही महिने ३०० रेसांचा पर्दाव. बाजारांत मात्र पावसाळ्यापूर्वीचा भाव निराळा व पावसाळ्यानंतरचा निराळा.

लारीचा उल्लेख आलाच आहे तर ती काय होती तें सांगितलें पाहिजे, कारण पुष्कळ वाचकांनीं ती पाहिलेली नसेल. इराणांतील लार शहरावरून हें नांव पडलें. चांदीची जाडशी तार मध्यें दुमडून तिच्यावर ठसा मारलेला, एवढेंच तिचें स्वरूप. स्त्रियांच्या केसांत खोंवावयाच्या आंकड्यासारखें. विजापूरच्या आदिलशाहीनेंही लाऱ्या पाडल्या, आणि कोंकणांत त्या पुरलेल्या सांपडल्या आहेत. तिच्यावरील अक्षरें धड वाचतां येत नाहींत, पण तिला वाचावयाचें कोणास होतें? ती वांकवून पाहावी, तोलावी आणि घ्यावी. राजाच्या नांवावर न चालतां चांदीवर चालणारें इतकें प्रामाणिक नाणें दुसरें नव्हतें, आणि तरीही, पुढें दिसेल त्याप्रमाणें, तिच्याही नांवाचें हिशेबांत भूत झालें.

दरम्यान उत्तरेकडून एक नवें नाणें खालीं उतरत होतें. शेरशहानें सुरू केलेला रुपया अकबरानें सर्व राज्यांत चालविला. १५७२-७३ सालीं गुजराथ त्याच्या हातीं आली आणि सुरतेच्या व्यापाराबरोबर रुपया दमण, वसई, चौल या वाटेनें दक्षिणेस सरकला. सुमारें एक तोळा, जवळ जवळ शुद्ध चांदी, हें त्याचें वैशिष्ट्य. आणि मोंगलांचा लौकिक असा कीं त्याचें वजन व कस त्यांनीं फारसा ढळूं दिला नाहीं. अर्थात् रेसांचें चलन व रुपयाचें चलन यांचा सामना वसई प्रांतांत होणार हें ठरलेलें होतें.

या सामन्याचें सर्वांत चांगलें चित्र जॉन फ्रायर या इंग्रज वैद्यानें १६७५ च्या सुमारास काढून ठेविलें आहे. हा कंपनीच्या नोकरींत मुंबईस होता, जुन्नरास जाऊन आला, वसईंतही येऊन गेला. त्यानें ठिकठिकाणच्या नाण्यांचीं कोष्टकें दिलीं आहेत. राजापुरास एक होन साडेतीन रुपयांचा व साडेदहा लाऱ्यांचा. अडीच शेराफी म्हणजे एक जुना डॉलर, म्हणजे तोच स्पॅनिश रियाल. मुंबईस तीन लाऱ्यांची एक शेराफी, ऐशीं रेसांची एक लारी, दहा रेसांचा एक पैसा. आणि लगेच तो सांगतो कीं रेस हें काल्पनिक आहे. गोव्यास पांच टंक्यांची शेराफी, साठ रेसांचा टंका, पंचाहत्तर बझारूकांचा टंका.

आतां पाटी पुढें घेऊन बसावें. गोव्याची शेराफी ३०० रेसांची. मुंबईची तीन लाऱ्या गुणिले ऐशीं, म्हणजे २४० रेसांची. एकाच राजाच्या अमलांतून निघालेलें एकच नांव, आणि दोन बंदरांत दोन हिशेब! शेराफी मुंबईस हलकी होती असें म्हणावें, कीं रेस मुंबईस भारी होता असें म्हणावें? दोन्ही म्हणतां येतें, कारण रेस नांवाची वस्तु कोणाच्या हातांत पडतच नव्हती.

याहून नाजूक गोष्ट पुढें आहे. राजापुरास साडेदहा लाऱ्या म्हणजे साडेतीन रुपये. म्हणून तीन लाऱ्यांचा एक रुपया. मुंबईस तीन लाऱ्यांची शेराफी. तेव्हां शेराफी म्हणजे बरोबर रुपया, असें कोणी म्हणेल, आणि कंसवाले लेखक बहुधा येथेंच थांबले असावेत. परंतु डॉलरच्या वाटेनें गेलें तर उत्तर फिरतें. त्या रियालांत सुमारें सव्वादोन रुपयांइतकी चांदी असे. अडीच शेराफींचे सव्वादोन रुपये, म्हणजे शेराफी साडेचौदा आण्यांच्या आंतली. तिसरी वाट पुढल्या काळची. मुंबईच्या इंग्रजी हिशेबांत ४०० रेसांचा रुपया धरीत. त्या मापानें २४० रेसांची शेराफी साडेनऊ आण्यांच्या किंचित् वर जाते. आणि चौथी वाट गोव्याची: अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पोर्तुगिजांनीं स्वतःच गोव्याच्या टांकसाळेंत रुपया पाडावयास आरंभ केला, आणि त्याचे ६०० रेस धरले, म्हणजे ३०० रेसांची शेराफी केवळ आठ आणे.

हा नुसता पाटीवरचा खेळ नव्हे. मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड आंजियर यानें बेटावरील जमीनदारांशीं १६७२ सालीं जो करार ठरविला, त्यांत जमिनींची मालकी निर्वेध करून देण्याच्या मोबदल्यांत त्यांनीं कंपनीस सालीना २०,००० शेराफी द्याव्या असें ठरलें. मुंबईच्या भूमीचा सर्व पुढील इतिहास या करारावर उभा आहे. या २०,००० शेराफी म्हणजे किती रुपये? लारीच्या वाटेनें २०,०००. डॉलरच्या वाटेनें सुमारें १८,०००. मुंबईच्या रेसांच्या वाटेनें १२,०००. गोव्याच्या पुढील रुपयाच्या वाटेनें १०,०००. मोठ्यांत मोठें उत्तर लहानांत लहानाच्या दुप्पट आहे, आणि प्रत्येक उत्तरामागें कोणत्या तरी काळचें व ठिकाणचें खरें कोष्टक आहे. आमच्या मतें लारीची वाट सर्वांत धोक्याची. मुंबईच्या कोष्टकांतील 'लारी' ही दुमडलेली तार नसून ऐशीं रेसांना दिलेलें नुसतें नांव असावें. राजापुरास मात्र लारी खरोखर तागडींत पडत होती. नांव सारखें म्हणून दोन बंदरांच्या लाऱ्या एकमेकींस जोडणें म्हणजे काशीच्या गंगाबाईचें पत्र पैठणच्या गंगाबाईस देण्यासारखें आहे.

इंग्रजांनींही या मिश्रणाचा स्वीकारच केला. मुंबईच्या टांकसाळेस दुसऱ्या चार्ल्स राजानें १६७६ सालीं जी सनद दिली, तींत पाडावयाच्या नाण्यांचीं नांवें रुपये, पैसे आणि 'बजरूक' अशीं घातलीं आहेत. रुपया मोंगलांचा, पैसा देशाचा, बझारूक फिरंग्यांचा; आणि सनद विलायतेच्या राजाची! मुंबईस राहून वसईशीं व्यवहार करणाऱ्यास या तिहींपैकीं एकही टाकणें शक्य नव्हतें. खाडीच्या अलीकडे रुपयाचा भाव विचारला जाई, पलीकडे शेराफीचा.

पलीकडच्या बाजूचा भाव अखेर कोठें येऊन थांबला तें १७३९ सालीं दिसलें. चिमाजीअप्पांच्या फौजेनें वसईस वेढा दिला होता. आंत शिबंदीचा पगार थकलेला, दाणागोटा सरत आलेला. वसईच्या कप्तानानें मुंबईच्या इंग्रजांकडे पैसे मागितले. इंग्रजांनीं १५,००० रुपये कर्जाऊ दिले. तारण काय, तर देवळांतील चांदीचीं भांडीं आणि कांहीं पितळी तोफा. आम्हांस या व्यवहारांत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या वाटतात. एक, पोर्तुगीज राजाच्या किल्ल्यास दिलेलें कर्ज रुपयांत मोजलेलें आहे, शेराफींत नव्हे. दोन, तारण म्हणून कोणाचा शब्द नव्हे, गोव्याची हुंडी नव्हे, तर वजन करून घेतां येईल अशी चांदी. ज्या शहरांत दोन शतकें नांवानें हिशेब चालला, तेथें शेवटच्या दिवसांत नांवाचा भाव शून्य झाला आणि पूजेच्या तबकाचा व समईचा भाव तोळ्यांत ठरला. १७३९ च्या मे महिन्यांत किल्ला पडला. मग देवळांच्या घंटा मराठ्यांनीं नेल्या. त्यांपैकीं नाशिकास नारोशंकराच्या देवळावर एक अजून टांगलेली आहे. चांदी गहाण पडली, कांसें तेवढें लूट म्हणून उरलें.

मराठी अमलांत रुपयाचाच हिशेब चालला, पण म्हणून भावाची कटकट मिटली असें कोणी समजूं नये. आतां रुपया आणि शेराफी यांच्याऐवजीं रुपया आणि रुपया यांच्यांतच भाव ठरूं लागला. सुरती, चांदवडी, अंकुशी असे प्रांतोप्रांतींचे शिक्के. झिजलेला, छिद्र पाडलेला, जुन्या सालचा असे नाना प्रकार. आणि प्रत्येकावर बट्टा. आपल्या भाषेंत अजून 'नांवास बट्टा लागला' असें म्हणतात, तें ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढें सराफाची पेढी येत नसेल. पण शब्द तेथूनच आलेला आहे. 'वटविणें', 'पारखणें', 'खोटा निघणें', 'चालतें नाणें' ही सर्व शब्दसंपत्ति आम्हांस त्याच पेढीनें दिली. ज्या समाजास चार पिढ्या रोज नाणें वाजवून घ्यावें लागलें, त्यानें माणसांविषयीं बोलतांनाही तीच भाषा वापरावी, यांत नवल नाहीं.

आणि आमचा फद्या? तो नाहींसा झाला नव्हता. विल्यम मिलबर्ननें १८१३ सालीं पूर्वेकडील व्यापारावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत मुंबईच्या नाण्यांत तो पुनः भेटतो. पण कोणत्या अवस्थेंत! रुपयाचे चार पाव, पावाचे शंभर रेस, असा तेथील हिशेब. फद्या म्हणजे एक तांब्याचा पैसा, आठ रेसांचा. पन्नास फद्यांचा रुपया. १५५४ सालीं जो पंधरा रेसांचा होता तो आतां आठ रेसांचा. जो वीस दिल्यास पर्दाव येई, तो पन्नास दिल्यास रुपया येतो. आणि ज्यांत मुंबई बेटाचें उत्पन्न मोजीत असत, त्याचा उपयोग आतां भाजीवालीशीं घासाघीस करण्यापुरता. विशेष हें कीं, वसई फिरंग्यांच्या हातून जाऊन चौऱ्याहत्तर वर्षें झालीं, मुंबई जाऊन जवळ जवळ दीडशें. तरी इंग्रज व्यापाऱ्याच्या वहींत पोर्तुगीज राजाचे रेस जिवंतच होते. चलन हरतें, पण त्याचें कोष्टक मरावयास फार वेळ लागतो. १८३५ सालीं कंपनीनें सर्व हिंदुस्थानास १८० ग्रेनांचा एकच रुपया लागू केला. मग पाव आणि रेस मुंबईच्या वह्यांतून गेले व त्यांच्याबरोबर फद्याही गेला.

रेसांचें राज्य उरलें तें गोव्यांत, आणि त्याचा शेवटही रुपयाशीं करार होऊनच झाला. १८७८ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्यें तह झाला. तो १८८० पासून अमलांत आला. त्यान्वयें गोव्याचा रुपया वजनानें व कसानें इंग्रजी हिंदुस्थानच्या रुपयाबरोबर करावयाचा, आणि पाडावयाचाही कलकत्त्याच्या टांकसाळेंत, असें ठरलें. १८८१ सालच्या त्या रुपयावर लुईश राजाचा मुखवटा आहे. चांदी मात्र व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाइतकी, एक गुंजही कमी जास्त नाहीं. याच सुमारास, १८८० सालीं, मूळचे गोंयकार व मुंबईस वैद्यकी करणारे डॉक्टर जेर्सन द कुन्य यांनीं इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरील आपले निबंध पुस्तकरूपानें काढले. वसई व चौल यांचा त्यांचा इतिहास त्यापूर्वीच, १८७६ सालीं, निघाला होता. जें चलन बाजारांतून उठत होतें तें त्यांनीं पेटींत जमविलें. फद्या, टंका, बझारूक यांची ज्यास खरी गोडी लागेल त्यानें तीं पुस्तकें अवश्य पाहावीं. त्यांतील सर्व मतें आज टिकतीलच असें नाहीं, पण नाणें हातांत धरून लिहिणाऱ्याची दृष्टि त्यांत आहे.

त्या नव्या गोव्याच्या रुपयाचे सोळा टंके केले होते, आणि टंक्याचे रेस किती? साठच! नूनिशच्या १५५४ च्या यादींत टंका साठ रेसांचा. फ्रायरच्या १६७५ च्या कोष्टकांत साठ रेसांचा. १८८१ सालीं साठ रेसांचा. सव्वातीनशें वर्षांत या आंकड्यास कोणी हात लावला नाहीं. फक्त टंका पूर्वीं शेराफीचा पांचवा भाग होता, म्हणजे डॉलरच्या हिशेबानें जवळ जवळ तीन आण्यांचा. मग ६०० रेसांच्या रुपयाचा दहावा भाग झाला. आणि शेवटीं एक आणा झाला. पाठ्यपुस्तकांतील कोष्टक पाठ म्हणणाऱ्या गोव्याच्या मुलानें आजोबांनीं म्हटलें तेंच म्हटलें असेल. आजोबांच्या टंक्यांत मिळत होतें तें त्याच्या टंक्यांत मिळत नव्हतें. १९५८ सालीं पोर्तुगालनें गोव्यांत रुपयाऐवजीं एस्कुदो आणला, सहा एस्कुदोंस एक रुपया या भावानें, आणि टंका हिशेबांतून उठला. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला व एस्कुदोही गेला.

वसईहून परत आल्यावर आम्हीं भाच्यास हें सर्व एका कागदावर मांडून दिलें. मुंबईपुढील १७,००० फद्ये म्हणजे टंक्यांचे ८५० पर्दाव, एवढें निश्चित. १,४३२ आणि अर्धा पर्दाव म्हणजे २८,६५० फद्ये किंवा ३४,३८०, पर्दाव कोणता त्यावर. आणि आंजियरच्या २०,००० शेराफी म्हणजे दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत रुपये, वाट कोणती त्यावर. त्यानें कागद दोनदां वाचला, घडी घातली, आणि म्हणाला, "तें समजलें, मामा, पण रुपये किती तें एकदां सांगा ना!"